भाडे न देता

राज्यघटनेच्या एकोणसाठाव्या अनुच्छेदात एक छोटी तरतूद आहे. राष्ट्रपतींना आपली अधिकृत निवासस्थाने भाडे न देता वापरता येतील, असे ती सांगते. राज्यपालांसाठी तशीच तरतूद एकशे अठ्ठावन्नाव्या अनुच्छेदात आहे. घर कोणाचे, हे तिथे वेगळे लिहिलेले नाही आणि त्याची गरजही नाही. भाडे ज्याला माफ होते तो मालक नसतो. मालक दुसराच कोणी असतो आणि भाडे सोडायचे की नाही हे त्याने ठरवलेले असते. राष्ट्रप्रमुखाच्या घराविषयी आजवर जे काही लिहिले गेले, त्यात मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते. घुमट, कमानी, कारंजी, गुलाबांचे ताटवे यांचा विचार त्याच्यानंतर.

हे कलम ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घटना समितीपुढे ठेवले, त्यांचा पुतळा आमच्या उज्जैनच्या टावर चौकात आहे. शिंदेशाहीत वसलेल्या माधवनगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजात, घड्याळाचा टावर आणि बाबासाहेब असे दोघे एकाच चौकात उभे आहेत. चौदा एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाबासाहेबांचे जन्मगाव महू याच माळव्यातले, त्यामुळे इथली माणसे त्यांना आपल्या मुलखाचे मानतात, आणि ते योग्यच आहे. त्यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना राष्ट्रपतिपदाचा अर्थ स्वच्छ सांगितला होता. राष्ट्रपती हे राज्याचे प्रमुख आहेत, शासनाचे नाहीत. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत. पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने हे दोन वाक्यांचे सांगणे घरी जाऊन पुन्हा एकदा वाचावे, असे मला मनापासून वाटते. पुढारी कोणत्याही पक्षाचा असो.

जो राज्य करत नाही, त्याचे घर कसे असावे? राज्य करण्यासाठी बांधलेले घर त्याच्या वाट्याला आले, तर त्याचे काय करावे?

दिल्लीचे राष्ट्रपती भवन हे असे वाट्याला आलेले घर आहे. ते व्हाइसरॉयसाठी बांधले. एडविन लटयन्सने रायसीना टेकडीवर ते उभे करायला सतरा वर्षे घेतली. 340 खोल्या, 330 एकर आवार, अडीच किलोमीटर लांबीचे बोळ आणि ओसऱ्या. 1931 साली लॉर्ड आयर्विन तिथे राहायला आले. त्यानंतर सोळा वर्षांत साम्राज्य संपले. म्हणजे बांधायला जितकी वर्षे लागली, तितकीही वर्षे ते घर ज्यांच्यासाठी बांधले त्यांना लाभले नाही. या घराच्या खांबांच्या माथ्यावर दगडी घंटा कोरल्या आहेत. घंटा वाजली की घराणे बुडते असा समज होता, म्हणून कधीच न वाजणाऱ्या घंटा कोरल्या, असे सांगतात. घंटा आजही वाजलेल्या नाहीत. साम्राज्य मात्र गेले, कारण ते घालवायला लोक उभे राहिले होते.

या भवनाचा तांब्याने मढवलेला घुमट पाहिला की माळव्यातल्या माणसाला सांचीचा स्तूप आठवतो. घुमटाखालचा दगडी कठडाही सांचीच्या वेदिकेसारखा आहे. सांचीचा मूळ स्तूप अशोकाने उभारला, आणि सम्राट होण्याआधी तो अवंतीचा कारभारी म्हणून उज्जैनला होता. सिंहलद्वीपाच्या बौद्ध बखरी सांगतात की इकडे येताना विदिशेत त्याला देवी भेटली, आणि त्यांचा मुलगा महेंद्र उज्जैनला जन्मला. तो अशोक इथे कोणत्या वाड्यात राहिला, त्या वाड्याला किती खांब होते, बाग किती मोठी होती, यातले काहीही उरलेले नाही. उरला तो स्तूप. लोकांसाठी, भिक्षूंसाठी, वाटसरूंसाठी बांधलेली वास्तू टिकली आणि दोन हजार वर्षांनी दिल्लीतल्या सर्वांत मोठ्या घराच्या डोक्यावर तिचा आकार जाऊन बसला.

स्वातंत्र्याच्या तोंडावर गांधीजींनी माउंटबॅटनना सुचवले होते की व्हाइसरॉयने साध्या घरात राहावे आणि या महालाचे रुग्णालय करावे. ते झाले नाही. माझ्या मते ते व्हायला हवे होते. निदान पुढच्या काही भाडे न देणाऱ्यांनी मालकाची आठवण ठेवली. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून तिथे आले, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या प्रशस्त शयनगृहात न राहता छोट्या खोलीत राहिले, आणि देशात धान्याची टंचाई होती म्हणून त्यांनी आवारातल्या जमिनीवर धान्य पेरले. साम्राज्याच्या हिरवळीवर नांगर फिरवणे ही फार मोठी गोष्ट होती. आज तिथली बाग वसंतात काही आठवडे फुकट पाहता येते. तिचे नाव 2023 साली मुघल गार्डनचे अमृत उद्यान झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ भांडण झाले. मला त्या भांडणात रस नाही. फाटक वर्षातून किती दिवस उघडे असते, हा माझा प्रश्न आहे, आणि दर वर्षी ते दिवस वाढावेत असे मला वाटते.

राजभवनांना आता लोकभवन म्हणू लागले आहेत. तिथेही माझा प्रश्न तोच आहे.

आता उज्जैनकडे येऊ. इथला राष्ट्रप्रमुख ठरलेला आहे. या नगरीचा राजा महाकाल, आणि बाकी सगळे त्याची प्रजा, हे इथल्या रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे मानतात. श्रावणात दर सोमवारी महाकालाची पालखी नगरभ्रमणाला निघते. देवळाच्या दारात पोलिसांचे सशस्त्र पथक तिला मानवंदना देते. मग पालखी रामघाटावर क्षिप्रेच्या काठी जाते आणि गोपाळ मंदिरावरून परत येते. हे गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधले, आणि पालखी तिथे आली की शिंदे घराण्याच्या वतीने पूजा होते.

मराठी वाचकाला सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट यात आहे. उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि आधी संपतो. महाकालाच्या सवाऱ्या उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे सुरू होतात, पण त्यांचा श्रावण संपल्यावर थांबत नाहीत. भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही चालतात, कारण तो आपला श्रावण. शिंद्यांच्या काळापासून महाकालाच्या दारी दोन्ही पंचांगे नांदत आली आहेत. कोणाचा श्रावण खरा, यावर इथे कोणी मोर्चा काढलेला नाही. राजा दोघांचाही असला तर असे होते.

याच श्रद्धेतून दुसरी एक समजूत निघाली. उज्जैनचा राजा महाकाल, तेव्हा दुसऱ्या कुठल्या राजाने या नगरीत रात्र काढू नये. काढली तर त्याचे राज्य जाते. स्वातंत्र्यानंतर ती मुख्यमंत्र्यांना आणि पंतप्रधानांनाही लागू झाली. कोण राहिला आणि कोणाची खुर्ची गेली याच्या गोष्टी टावरवर रोज संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती ऐकायला मिळतात. वर्षानुवर्षे मोठमोठे पदाधिकारी दर्शन घेऊन दिवे लागायच्या वेळी इंदूरची वाट धरत. डिसेंबर 2023 मध्ये उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि आठवड्याच्या आत आपल्या घरी मुक्कामाला राहिले. आपण महाकालाचे पुत्र आहोत, आणि ही समजूत शिंद्यांनी राजधानी हलवताना राजकारणापायी पसरवली, असे त्यांनी सांगितले.

ही समजूत कोणी पसरवली हे मी ठामपणे सांगणार नाही. पण ती फार जुनी असू शकत नाही, हे साधा हिशेब सांगतो. राणोजी शिंद्यांनी उज्जैन आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी आजचे महाकालाचे देऊळ उभे केले. 1810 साली दौलतराव शिंदे ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती. म्हणजे अठराव्या शतकातली कित्येक दशके राजे इथे राहत होते, झोपत होते, मुलांची बारशी करत होते. त्याआधी जहांगीर बादशहाने क्षिप्राकाठी मुक्काम केला. त्यापूर्वी अशोक. महाकाल तेव्हाही होता.

म्हणून त्या समजुतीतली भीती मी खुशाल टाकून देतो. तिच्यातला एक भाग मात्र मला जपावासा वाटतो. सत्ता हातात असलेल्या माणसाला आपण या गावात पाहुणे आहोत याची आठवण व्हायची, वेशीपाशी त्याचा पाय अडखळायचा. देशातल्या दुसऱ्या कुठल्या शहराला हे जमले? मुख्यमंत्री आपल्या घरी झोपले ते उत्तम झाले. पण वेशीवरचा तो संकोच त्यांच्याबरोबर नाहीसा होऊ नये. घटनेतल्या त्या कलमातही हाच संकोच लिहिलेला आहे, फक्त वकिलांच्या भाषेत.

शिंद्यांच्या घराण्यात राष्ट्रप्रमुखाच्या घराची दोन टोके दिसतात. एका टोकाला महादजी. उत्तर हिंदुस्थानचा कारभार, दिल्लीच्या बादशहाचे संरक्षण, डी बॉयनच्या कवायती फौजा, सगळे त्यांच्या हातात होते; आणि त्यांचा उमेदीचा सारा काळ छावणीत गेला. 12 फेब्रुवारी 1794 रोजी त्यांचा अंत झाला तोही पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत. ज्या काळात इंग्रजही त्यांना वचकून होते, त्या काळात त्यांचे अधिकृत निवासस्थान म्हणजे तंबू होता. दुसऱ्या टोकाला जयाजीराव. त्यांनी 1874 साली ग्वाल्हेरला जयविलास बांधला, आराखडा मायकेल फिलोजचा. इंग्लंडच्या युवराजाचे स्वागत करायचे होते. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगली, आणि छत हे वजन पेलेल का ते पाहायला त्यावर हत्ती चढवले, अशी हकीकत तिथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ऐकवतात. तेव्हा ग्वाल्हेरच्या गादीवर इंग्रज रेसिडेंटाची नजर होती. तलवार म्यानात गेली आणि झुंबर छताला लागले, या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या. घर जितके मोठे तितकी सत्ता मोठी, असा समज ज्यांना आहे त्यांनी वानवडी आणि जयविलास दोन्ही पाहून यावे.

या गोष्टीला 1948 साली वेगळे वळण लागले. ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहानमोठी संस्थाने एकत्र करून मध्य भारत राज्य झाले, आणि जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख. 1956 पर्यंत ते त्या पदावर होते. घटनाकारांची बारकाई इथे पाहण्यासारखी आहे. राजप्रमुखाला भाड्याशिवाय सरकारी घर मिळेल, पण राजधानीत त्याचे स्वतःचे घर नसेल तरच, अशी मेख त्यांनी मारून ठेवली. जयविलासात राहणाऱ्याला जनतेने दुसरा बंगला कशाला द्यायचा! आजच्या आमदार-खासदारांच्या बंगल्यांची आणि पद गेल्यावरही न सुटणाऱ्या क्वार्टर्सची यादी काढली, तर ही मेख पुन्हा मारावी असे कोणालाही वाटेल. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदावरून निवृत्त होताना पुण्यात लष्कराच्या जागेवर त्यांच्यासाठी घर व्हायचे होते. टीका झाली, आणि 2012 च्या एप्रिलमध्ये त्यांनी ती जागा सोडत असल्याचे जाहीर केले. टीका करणारे बरोबर होते, आणि सोडण्याचा निर्णयही बरोबर होता. मालकाने विचारले आणि उत्तर मिळाले. असे नेहमी व्हायला हवे.

आणि उज्जैनमधली शिंद्यांची घरे? राजधानी गेली तरी त्यांची घरे इथे राहिली. त्यांतल्या तीन घरांचे काय झाले हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पहिला महाराजवाडा. महाकालाच्या देवळाला अगदी लागून. राजांचा वाडा आणि देवाचे देऊळ शेजारी शेजारी, ही मराठी वाड्यांची रीतच. संस्थाने गेल्यावर या वाड्यात शाळा भरली. राजाच्या वाड्यात गावची पोरे पाढे म्हणत होती. मला यापेक्षा चांगला शेवट सुचत नाही. आंघोळ करून, गंध लावून, देवळाच्या घंटांच्या आवाजात जनगणमन म्हणणारी मुले त्या वाड्यातून शिकून बाहेर पडली. आता महाकालाच्या परिसराचा विस्तार झाला, गर्दी अनेक पटींनी वाढली, आणि वाडा पर्यटन खात्याकडे गेला. शाळा हलली आणि वाड्याचे हेरिटेज हॉटेल झाले. डागडुजी छान झाली आहे, दगड पुसून लख्ख झाला आहे, हे मान्य. पण ज्या नगरीत राजाला रात्र काढायची चोरी होती, तिथे राजाच्या वाड्यात आता पैसे मोजील त्याला रात्र काढता येते, आणि जी मुले काही न मोजता दिवस काढत होती त्यांना मात्र दार बंद झाले. हे मला सहन होत नाही. दुरुस्तीसाठी पैसा लागतो, हॉटेल तो मिळवून देते, हा हिशेब मला कळतो. पण वास्तू वाचवायची म्हणून तिच्यातले माणूस काढायचे, तर वाचवले काय?

पुण्याच्या वाचकांना हे वेगळ्या तऱ्हेने समजेल. गणेशखिंडीचा गव्हर्नराचा बंगला आठवा. बार्टल फ्रियरच्या काळात काम सुरू झाले, 1871 मध्ये पुरे झाले. उंच मनोरा, मेजवान्यांचा दालनभर थाट, भोवती प्रचंड आवार. खर्च इतका वाढला की त्यावर तेव्हाही ओरड झाली. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव तिथेच साजरा झाला, आणि तिथून परतताना रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. ज्या बंगल्याच्या फाटकातून त्या रात्री फक्त बग्ग्या जात होत्या, तिथे 1949 पासून विद्यापीठ आहे. आज त्या आवारात खेड्यातून आलेली मुलगी झाडाखाली बसून स्पर्धापरीक्षेचे पुस्तक वाचते. तिला कोणी हटकत नाही. गव्हर्नराच्या बागेतली झाडे तिला सावली देतात. राष्ट्रप्रमुखाच्या वा त्याच्या प्रतिनिधीच्या घराचे यापेक्षा चांगले काही करता येते, हे मला कोणीतरी पटवून द्यावे.

दुसरे घर कोठी. टावर चौकातून कोठी रोडने गेले की समोर येते. कमानींच्या ओळी, पुढे मोकळे मैदान, दोन्ही अंगांना जुनी झाडे. तिथे कित्येक दशके कलेक्टर कचेरी आणि न्यायालये होती. मंगळवारच्या जनसुनवाईला बडनगर, खाचरौद, महिदपूर, तराना इथून माणसे यायची. हातात खसऱ्याची नक्कल, कडेवर मूल, पायात धुळीने भरलेल्या चपला. राजाच्या घराच्या पायरीवर बसून भाकरी खाणारी आणि आत जाऊन राजाच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याशी भांडणारी ही माणसे कोठीचे खरे वैभव होती. तिथे त्यांची कामे होत होती असे मी म्हणत नाही. खेटे घालून थकलेली तोंडे सगळ्यांनी पाहिली आहेत. तरी दार त्यांचे होते.

आता कचेरी शेजारच्या नव्या इमारतीत गेली आणि कोठीत वीर भारत संग्रहालय करण्याचे काम हाती घेतले गेले. संग्रहालय ही चांगली गोष्ट. माझी मागणी एवढीच की त्यात एक दालन या घराचे स्वतःचे असावे. हे कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले, पाथरवट कोण होते, इथे कोणते खटले चालले, कोणते हुकूम निघाले, मध्य भारताचा राजप्रमुख म्हणजे काय होता, ते पद कसे संपले. शूरवीरांच्या पुतळ्यांबरोबर एक साधे लाकडी बाकडेही तिथे असू द्या, कचेरीच्या बाहेरचे, ज्यावर बसून तीन पिढ्यांनी आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहिली. वीर फक्त घोड्यावर असतात असे थोडेच आहे? आणि त्या दालनाच्या पाट्यांवर हिंदीबरोबर मराठीही हवी. या घरांचे कागद मोडीत आणि मराठीत आहेत, आणि क्षीरसागर, फ्रीगंज इथली मराठी घरे अजून ती भाषा बोलतात. विष्णु श्रीधर वाकणकर याच गावात राहून भीमबेटकापर्यंत पोहोचले. मराठी ही उज्जैनची पाहुणी भाषा नाही.

तिसरे घर कालियादेह. गावापासून थोडे दूर, क्षिप्रेच्या दोन धारांमधल्या बेटावर. माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खलजी याने ते बांधले. वास्तू म्हणून मला ते तिन्हींत श्रेष्ठ वाटते. इथे वास्तुशिल्पाची सुरुवात भिंतीने होत नाही, पाण्याने होते. नदी अडवायची, तिला पाटांतून आणि कुंडांतून फिरवायची, पायऱ्यांवरून खळाळत सोडायची, आणि त्या गारव्यात राहायचे. लोक त्याला बावन कुंड म्हणतात. माळव्याच्या उन्हाळ्यावर यापेक्षा सुंदर तोड कोणी काढली असेल असे वाटत नाही. एक पंखा नाही, एक यंत्र नाही.

नासिरुद्दीनच्या अंताची एक गोष्ट जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. सुलतान दारूच्या धुंदीत पाण्यात पडला. सेवकांनी केस धरून त्याला बाहेर ओढले. शुद्धीवर आल्यावर आपल्याला केसांना धरून काढले हे कळताच त्याने ओढणाऱ्याचे हात तोडायला लावले. पुन्हा तसाच पडला तेव्हा कोणी पुढे झाले नाही, आणि तो बुडाला. गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, ती लिहिणारा स्वतः बादशहा होता, आणि त्या घराच्या काठी त्याने मुक्कामही केला होता. राष्ट्रप्रमुखाच्या घरात खरे बोलणारा, वेळेला केस धरून ओढणारा माणूस टिकू दिला नाही, तर काय होते, हे सांगणारी दुसरी इतकी धडधडीत गोष्ट मला माहीत नाही. ती प्रत्येक सचिवालयात लावावी.

माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकात या महालाची दुरुस्ती करवली. त्यानंतर तो पुन्हा हळूहळू खचत गेला. आज भूतडी अमावास्येला बावन कुंडांत डुबकी मारायला लांबून लोक येतात, अंगातली बाधा उतरावी म्हणून. पाणी मात्र पूर्वीचे नाही. क्षिप्रेत नर्मदेचे पाणी आणून सोडावे लागते, वर इंदूरकडून येणाऱ्या खान नदीचे मैले पाणी तिच्यात मिसळते. ज्या घराचा आत्मा पाणी, त्याला आपण मैला पाजतो आणि मग त्याच्या गिलाव्याची काळजी करतो. कालियादेहची दुरुस्ती गवंड्याने सुरू करून भागणार नाही. ती नदीपासून सुरू करावी लागेल. सिंहस्थ 2028 साली आहे. त्यासाठी घाट, रस्ते, पूल यांची कामे गावभर चालू आहेत. त्यात बावन कुंडांत स्वच्छ पाणी खळाळेल एवढे एक काम धरा. कोट्यवधी माणसे स्नानाला येणार आहेत, त्यांना एका राजाने पाण्याशी कसा संसार केला तेही पाहू द्या. आणि तिथे हॉटेलची कल्पना कोणाच्या डोक्यात आली, तर ती तिथेच क्षिप्रेत सोडून द्यावी.

काही लोक म्हणतील, इतक्या जुन्या दगडांसाठी एवढा त्रागा कशाला. गावात रस्ते फुटले आहेत, ते आधी बघा. रस्तेही बघूच. पण आवार गेले की परत येत नाही. भिंत पडली तर बांधता येते. मैदानात एकदा दुकानांचा गाळा उभा राहिला, झाडांच्या बुंध्याशी एकदा सिमेंट ओतले, फाटकावर एकदा तिकिटाची खिडकी आली, की ते हटवायला पन्नास वर्षे कोर्टात जातात. दिल्लीच्या 330 एकरांवर नजर ठेवायला सगळा देश आहे. कोठीच्या मैदानावर नजर ठेवायला फक्त आपण आहोत.

कोठी रोडवर रोज पहाटे चालायला येणारी माणसे मी ओळखतो. निवृत्त मास्तर, गुडघे धरून चालणाऱ्या आजी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, बाजूला योगासने करणारा एखादा घोळका. राजाच्या आवारात ते कोणाला न विचारता येतात. संग्रहालयाच्या आराखड्यात त्यांची जागा कुठे आहे, ते कलेक्टरसाहेबांनी आणि महापालिकेने लिहून द्यावे. फाटक असेल तर ते पहाटे किती वाजता उघडणार? मैदानात शिरायला तिकीट लागणार का? रस्ता रुंद करताना कोणती झाडे जाणार, कोणती राहणार? पायरीवर बसून भाकरी खाता येणार का? चार प्रश्न आहेत आणि चारही कागदावर उत्तर देण्याजोगे आहेत. उत्तरे येतील तशी इथेच छापीन. आली नाहीत, तर ज्या तारखेला विचारले ती तारीख दर आठवड्याला छापीन.